कालचा पिझ्झा

काजूच्या दारूच्या भाट्या पेटल्या, की मला पिझ्झा आठवतो. हसू नका. या दिवसांत बोंडूंचा, काजूच्या त्या रसाळ फळांचा, वास आला की कुणाला बालपण आठवतं, कुणाला सुट्टी आठवते, आणि हुर्राक ही पहिल्या धारेची दारू आठवणारे तर पुष्कळ आहेत, ते तसं उघडपणे सांगतातही. माझ्या नाकाला मात्र वेगळीच खोड लागली आहे. सकाळी मागच्या पडवीत उभी राहिले, डोंगराच्या बाजूने पिकलेल्या बोंडूंचा तो गोड, थोडा आंबूस, घशाला खवखवणारा वास आला, की त्याच्यामागून मला भाजलेल्या पावाचा आणि वितळलेल्या चीजचा वास येतो. प्रत्यक्षात तो कुठेच नसतो. पण मी चुलीकडे वळून बघतेच.

यंदाही तसंच झालं. भाटीचा धूर दिसला आणि मी घरात जाऊन बिडाचा तवा पुसून ठेवला. माई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी विचारलं, "आज हाडतलो काय गो तो?" मी म्हटलं, "काय आणणार?" तर म्हणाल्या, "तांच. गोल." इतके हंगाम गेले तरी त्या पदार्थाचं नाव त्यांच्या तोंडी बसलेलं नाही, आणि त्यांना त्याची काही पर्वाही नाही.

मी चंदगडकडची. लग्न होऊन गोव्यातल्या लाटंबार्से गावात आले तेव्हा मला वाटायचं, शिळं म्हणजे शिळं. आमच्याकडे रात्रीची भाकरी सकाळी उरली तर दुधात कुस्करायची किंवा म्हशीच्या पुढ्यात टाकायची, एवढे दोनच रस्ते. इथे आले आणि कालची कडी नावाचा प्रकार पाहिला. रात्रीची माशांची आमटी मुद्दाम उरवायची, सकाळी मंद आगीवर आटवत ठेवायची, आणि पदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की गरम उंड्याबरोबर खायची. पदेर म्हणजे पाववाला, आणि उंडो हा आमच्याकडचा गोल, टणक पाठीचा पाव. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी मनातून पुरती शरण गेले. कालच्यापेक्षा आजची चांगली होती! माईंना सांगितलं तर त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. "काल ती घायघायत होती," त्या म्हणाल्या, "आज थाऱ्यार इली."

परत तापवणं हे त्यांच्या लेखी दुय्यम काम नव्हतंच. ताजं शिजवताना त्या गप्पा मारायच्या, शेजारणीला हाका घालायच्या, कोंबड्या हाकलायच्या. पण कालचं काही चुलीवर चढलं की गप्प. तिथे बसून राहायच्या. मला वाटतं, ताजं कुणालाही रांधता येतं असं त्यांचं मत असावं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण मी ते त्यांच्या पाठीवरून ओळखलं.

मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यानंतरचा तो उन्हाळा. आमचे हे पूर्वी खाणीवर टिपर चालवत. खाणी बंद पडल्या, टिपर विकला, मग बरीच वर्षं मिळेल ती ड्रायव्हरकी केली. टिपरवर असताना यांचा रुबाब काय सांगू! लाल धुळीने माखलेला माणूस गावात शिरायचा तो हॉर्न वाजवत, आणि तिठ्यावरचे लोक हात वर करायचे. टिपर गेल्यावर हात वर करणारे तेच होते, पण ह्यांचा हात वर जायचा बंद झाला. अशात विमानतळावर नोकरी मिळाली. काउंटरवर उभं राहून पिझ्झा भाजून द्यायचा, पाळी रात्रीची, डोक्यावर लाल टोपी, कमरेला ॲप्रन, आणि वर देखरेखीला आपल्या भाच्याच्या वयाचा मॅनेजर. गावात यांनी सांगितलं, "एअरपोर्टार लागलंय." कुणी विचारलं, कशात, तर म्हणत, "ऑफिसात." टोपी आणि ॲप्रन पिशवीच्या तळाशी घडी करून आणत, आणि मी ते धुऊन आत खोलीत वाळत घालत असे, अंगणात नाही. अंगणातल्या दोरीवर आमच्या घरचं सगळं वाळायचं, ते दोन कपडे सोडून.

रात्री विकला न गेलेला पिझ्झा पाळी संपताना कामगारांना वाटून देत. पहिल्यांदा हे तो घेऊन आले ते खोक्यासकट तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून. स्कूटर पुढच्या रस्त्याने न आणता मागच्या पायवाटेने, काजूच्या बागेतून. स्वयंपाकघरात येऊन पिशवी ठेवली आणि मला हळूच म्हणाले, "पोरीक दी. बाकी कोणाक सांगू नको."

लेक शाळेला निघायची होती. मी आपली घाईघाईत गॅसवर तवा ठेवला, तेल सोडलं आणि तो तुकडा भाकरीसारखा टाकला. आमच्या चंदगडी हाताला भाकरीपलीकडे दुसरं काही सुचतच नाही. खालून धूर निघायला लागला, वरचं चीज तसंच थंड, फटफटीत. उलटला तर चीज तव्याला चिकटलं आणि उचलताना वरचा सगळा ऐवज तव्यावर राहिला. माई दारात उभ्या राहून बघत होत्या. तो लांबलेला पांढरा धागा बघून त्यांना वाटलं, हा खरवसाचाच कुठला तरी भाऊबंद असणार.

"तां भाकरी न्हय गो," त्या म्हणाल्या. "हय हाड."

मागच्या पडवीत त्यांची चूल पेटलेली असायचीच. न्हाणीचं पाणी तापून झालं होतं, नारळाच्या सोडणांचे निखारे पडले होते. त्यांनी उरलेला पिझ्झा हातात घेतला, पाठीला बोट लावून पाहिलं, कडा दाबून पाहिली. मग त्यांना जे आठवलं ते तवसळी. पावसाळ्यात मोठ्या काकडीचा गोड केक करतात आमच्याकडे, तो ओव्हनमध्ये नव्हे तर खाली निखारे, वर झाकणावर निखारे, असा भाजतात. ही गोष्टही गोल, हीसुद्धा वरखाली भाजायची, म्हणजे हीच रीत. तवसळीखाली केळीचं पान घालतात, म्हणून त्यांनी पिझ्झाखालीही पान घातलं. आणि तिथे त्या चुकल्या. वरचं चीज वितळलं सुरेख, पण पानाला पाणी सुटून बूड ओलं झालं. लेक मुकाट्याने खाऊन गेली. माई मात्र त्या ओल्या पानाकडे बघत बसल्या होत्या.

पुढच्या खेपेला पान गेलं. बिडाचा तवा आधी कोरडाच तापवून चुलीवरून उतरवून थोड्याशा निखाऱ्यांवर ठेवला. उंडो वाळला की त्याच्या पाठीवर पाण्याचा हात फिरवतात तसा ओला हात फक्त कडेवरून फिरवला, मध्ये थेंबही नाही. वर पितळी झाकण, झाकणावर राखेचा पातळ थर, आणि राखेवर निखारे. "सगळे इंगळे मदी घालू नको," मला म्हणाल्या, "मदी तां आपणच तापता. कडेक उबेची गरज." मग बसल्या. मी ताटल्या मांडू लागले तर म्हणाल्या, "आवाज करू नको." त्या ऐकत होत्या. झाकणाखाली आधी पाणी चरचरलं, मग नुसतं तूप कढल्यासारखं बारीक काहीतरी पुटपुटलं, मग तेही थांबलं. थांबलं आणि माईंनी झाकण काढलं.

बूड कुरकुरीत, कडा मऊ, चीज जिथे तिथे, आणि सगळ्याला सोडणाच्या धुराचा अगदी बारीक वास. मी पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांकडे, मांद्र्याच्या समुद्रावरच्या हॉटेलात, पुढे कितीदा पिझ्झा खाल्ला, ताजा, भट्टीतून थेट टेबलावर आलेला. मला सांगायला संकोच वाटत नाही, आमच्या मागच्या पडवीतला कालचा पिझ्झा त्या सगळ्यांहून सरस होता. ह्यांनीसुद्धा एक घास खाल्ला आणि तो हातात धरून उलटसुलट बघत राहिले. रात्रभर तोच पदार्थ भाजणारा माणूस! "आमचो ओव्हन असो करणा नाय," एवढंच म्हणाले.

मग त्या हंगामात आमच्या सकाळी अशाच जाऊ लागल्या. उजाडता उजाडता माई आणि मी बोंडू वेचून यायचो, हातांना तो चिकट रस लागलेला. भाटीकडून धूर निघायचा. पायवाटेवर स्कूटरचा आवाज आला की माई निखारे ओढून ठेवायच्या. लेक वेण्या घालायच्या आधी चुलीपाशी येऊन बसायची. आणि सगळं खाऊन झालं, की हे खोकं उचलायचे, दोन्ही हातांनी चुरगाळायचे आणि चुलीत घालायचे. त्यावरची ठळक अक्षरं काळी पडून वळेपर्यंत उभे राहायचे, मगच आंघोळीला जायचे. माई बघायच्या.

आमच्या शेजारी सुभद्राकाकी. त्यांच्या आणि माईंच्या घरादरम्यान एक गडगा आहे, चिऱ्यांचा, आणि त्या गडग्यावरून ताटल्या, वाट्या, डबे सतत इकडून तिकडे जात असतात. काही नवीन रांधलं, झाडाचं पहिलं फळ उतरवलं, सणाचं गोड केलं, की शेजारी वाटा जातोच. आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. माईंच्या भाषेत भांडं म्हणजे आयदान, आणि "आयदान रितां धाडूक जायना" हे त्यांनी मला सून म्हणून घरात आल्या आल्या सांगितलं होतं. घरात काहीच नसेल तर साखरेची चिमूट घालायची, तुळशीचं पान घालायचं, पण रितं नाही.

तर एके दिवशी काकींनी ओल्या काजूच्या बियांची उसळ पाठवली, चांगल्या मोठ्या झाकणाच्या डब्यातून. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी डबा घासला, पुसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि चुलीवरून नुकताच उतरवलेला पिझ्झाचा सगळ्यात चांगला तुकडा त्यात ठेवला. मी बोंडूंची टोपली रिकामी करत होते, हे त्या दिवशी आधीच आंघोळीला गेले होते. वळून बघते तर माई गडग्यापाशी, आणि त्यांचा आवाज खणखणीत, "सुभद्रा गो! गरम गरम खा. आमच्या सदान हाडलो. रातभर तोच भाजता थय एअरपोर्टार!"

हे न्हाणीतून बाहेर आले ते अर्धे ओलेच. यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. खाणी बंद झाल्या त्या दिवशीही नाही.

"माई, तू काय केलंस?"

"आयदान भरून धाडलंय."

"उरलेला धाडलंस! लोकांच्या दारात माका उगडो केलंस. आता आख्खो गाव म्हणतलो, सदा टोपी घालून पाव भाजता, आणि उरल्यापाठचा घराक हाडता." यांनी हातातला टॉवेल दोरीवर फेकला. "सोमवारपासून जायनय मी. सोडलंय."

मी हातातली टोपली तशीच धरून उभी होते. ही नोकरी गेली तर पुन्हा ते घरी बसणं, पुन्हा ते जेवताना ताटात बघत राहणं. आणि ही धमकी नव्हती. यांनी आधीच्या दोन जागा अशाच सोडल्या होत्या, कुणी काही बोललं म्हणून, किंवा बोलेल म्हणून.

माईंनी झाकणावरचे निखारे चिमट्याने एकेक करून चुलीत परत टाकले. घाई नाही. सगळे टाकून झाल्यावर म्हणाल्या,

"इतकी वर्सां तू लोकांच्या डोंगराची माती व्हावलंस. आमच्या झरीचां पाणी तांबडां झाला, तरी हॉर्न मारीत घराक येत होतस. तेची लाज नाय दिसली तुका. आता वाटेर चलतल्या उपाशी माणसाक गरम खाऊक घालतंस, तर लाज?"

हे आत गेले आणि पाठ करून झोपले. मला तेव्हा माईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातांना बोंडूंचा रस होता आणि त्यांना तसले प्रकार आवडतही नाहीत. म्हणून मी नुसतं चुलीपुढचं झाडून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाला टिपरबद्दल एका शब्दाने बोल लावला नव्हता. झरीचं पाणी त्यांच्या पोटात इतकी वर्षं तांबडं होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

नंतरचे दिवस मात्र वाईट गेले. कामावर जात होते, सोमवार यायचा होता म्हणून. पण खोकं येईना. मागच्या वाटेनेसुद्धा यांनी सुभद्राकाकींचं घर टाळून लांबचा वळसा घ्यायला सुरुवात केली. मागच्या पडवीत माई निखारे ओढून ठेवायच्या आणि ते तसेच राख व्हायचे. लेक विचारायची, "आज नाही?" मी तिला उंडो आणि चहा द्यायचे. काकींचा डबाही परतला नाही. दोन घरांमधला तो गडगा पहिल्यांदाच नुसता गडगा झाला. मला वाटायचं, हसत असतील का घरात? आणि वाटायचं, हसले तर हसू देत, पण ते ह्यांच्या कानावर जाऊ नये.

रविवारी संध्याकाळी काकी आल्या. गडग्यावरून नव्हे, पुढच्या दाराने, पदर सारखा करून. हातात तोच डबा. हे पुढच्या सोप्यावर बसले होते, उठून आत जाणार तेवढ्यात काकींनी हाक मारली, "सदा रे, बस. तुज्याकडेच इलंय."

मी पाणी आणलं. माई उंबऱ्यावर टेकल्या. काकींनी डबा मांडीवर धरून ठेवला होता, देत नव्हत्या.

"तो तुकडो विश्वासान खाल्लो," त्या म्हणाल्या. विश्वास म्हणजे त्यांचा मुलगा, तोही खाणीवरचाच. "मगे माका विचारता, आये, सदाक ह्यां काम कसा मेळला? मी म्हटलंय, जावन विचार. तर जायना. तेका दिसता तू ऑफिसात मोठो झालंस, आमका कित्याक विचारतलो. म्हणान मी इलंय. टिपर गेल्यापासून तो घरात बसान बसान कुजता रे. कोणाच्या तोंडाकडे बघना. तुज्या थय आणिक माणसां व्हयी काय?"

ह्यांनी मान वर केली.

"काकी, थय टोपी घालूची पडता," हे म्हणाले. "ॲप्रन बांधूचो पडता. आमच्यापेक्षा ल्हान पोरगो हुकूम सोडता."

"टिपरार ताडपत्री बांधित होतास मां?" काकी म्हणाल्या. "मगे ॲप्रन बांधूक काय जाता?"

माईंना हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. आणि यांच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, कोपऱ्यातून काहीतरी हललं. "उद्या विचारतंय," हे म्हणाले. मग काकींनी डबा पुढे केला. आत काय होतं म्हणता? बोंडूंच्या रसात गूळ घालून आटवलेली पोळी, वाळवलेली, चकचकीत. इतके दिवस डबा का परतला नाही, ते तेव्हा उलगडलं. त्या पोळीला तेवढी उन्हं लागतात.

सोमवारी हे कामावर गेले. पिशवी नेली नाही. टोपी नि ॲप्रन मी हातात दिले तर तसेच स्कूटरच्या हुकाला अडकवले.

आता इतक्या हंगामांनंतर विश्वास तिथेच आहे, दोघे एका स्कूटरवरून जातात येतात, आणि चीज जास्त की कमी यावरून वाटेत भांडतात. माईंच्या हातांना कंप आला आहे, चिमटा धरवत नाही. निखारे झाकणावर हे ठेवतात. माई खुर्चीतून बघतात आणि "मदी नको, कडेक, कडेक" म्हणतात, आणि रात्रभर हेच काम करून आलेला माणूस मुकाट्याने निखारे कडेला सारतो. मग आम्ही सगळे गप्प बसून ऐकतो. पहिला तुकडा गडग्यावरून जातो. तो जाईपर्यंत माई खात नाहीत.

पण काजूचा वास आला की मला सगळ्यात आधी आठवते ती मंगळवारची सकाळ, ती पाळी संपवून हे परत आले तेव्हाची. माई आणि मी मागच्या पडवीत होतो, कान पायवाटेकडे. आवाज आला तो पुढून. मी धावत सोप्यावर गेले. तिठ्यावरून, देवळावरून, सगळ्या गावासमोरून स्कूटर येत होती. यांच्या डोक्यावर ती लाल टोपी तशीच होती, आणि पायांशी उघडं, चौकोनी खोकं. कुणीतरी हात वर केला असावा, कारण यांनी एक हात सोडून वर केलेला मला दिसला.

खाऊन झाल्यावर हे सवयीने खोकं उचलून चुलीकडे निघाले. माईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. कडा सोडवल्या, सपाट केलं, आणि पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात पसरलं. छापलेली बाजू वर. मग टोपलीतून भिरंडांची, म्हणजे कोकमांची, लाल ओली सोलं आणून त्यावर एकेक करून मांडली, पण नावाच्या अक्षरांवर एकही ठेवलं नाही.